आधी परवाना बघा

सकाळी ९.३०
ग्रंथालयाचं कुलूप निघतंय तोवर अर्थशास्त्राचे सर दारात. एस.वाय.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायचंय, मुलं मराठी माध्यमाची, संदर्भग्रंथ परवडत नाहीत. ‘मॅडम, फुकटात काही मिळेल का?’ फुकटात ढीगभर मिळतं. कापून, बदलून, मराठीत आणून मुलांना वाटता येईल असं शोधायचं तर दिवस जातो.

१०.३०
सुरुवात ओपनस्टॅक्सपासून. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा हा उपक्रम २०१२ पासून महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकं मोफत देतो. संख्याशास्त्राचं पुस्तक चोख आहे, पण उदाहरणं डॉलरची आणि पौंडांची. सरांना सहसंबंध शिकवायचाय तो लासलगावची आवक आणि कांद्याचा भाव घेऊन. मग पुस्तकात बदल करण्याची परवानगी हवीच. म्हणून मी अनुक्रमणिकेच्याही आधी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना बघते. बीवाय सगळ्यात मोकळा: श्रेय द्या, बाकी हवं ते करा. एनसी असेल तर त्यावर पैसे कमवायचे नाहीत. एसए असेल तर बदललेला मजकूरही त्याच परवान्याखाली द्यायचा. एनडी दिसलं की मी पान बंद करते, कारण त्याचं भाषांतर वाटता येत नाही. ओपनस्टॅक्सच्या कॅल्क्युलसवर एनसी आणि एसए दोन्ही आहेत. चालेल, आपल्याला कुठे दुकान थाटायचंय!

१२.००
संगणकाच्या मॅडमना पायथन हवंय. हे काम सोपं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे जेमतेम दहा मिनिटांचे, त्यातले पुष्कळसे मराठीत ऐकायला मिळतात, आणि परवाना बीवाय-एसए. ग्रंथालयातच उतरवून घेतले. गावाकडच्या मुलांचा डेटा वाचतो.

दुपारी २.००
डबा खाऊन येते तो एक विद्यार्थी टेलिग्रामवरून आलेली पीडीएफ दाखवतो. अख्खं पुस्तक, मुखपृष्ठासकट. ‘झेरॉक्सला कोर्टानं परवानगी दिलीय ना?’ दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल त्याच्या कानावर आलेला दिसतो. तो खटला दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाचा होता, आणि प्रश्न होता शिकवण्यासाठी काढलेल्या निवडक पानांच्या संचांचा. अख्खं पुस्तक गटावर फिरवण्याशी त्याचा संबंध नाही. मुलगा हिरमुसतो, मी त्याला ओपनस्टॅक्सचं पान उघडून देते.

३.३०
खरं किचकट काम चित्रांचं. पुस्तक मुक्त असलं तरी आतला एखादा फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असू शकतो, म्हणून प्रत्येक चित्राखालची बारीक ओळ वाचावी लागते. शंका आली की चित्र काढून टाकायचं आणि विकिमीडिया कॉमन्सवर दुसरं शोधायचं. श्रेय तिथल्या तिथे लिहायचं: शीर्षक, लेखक, दुवा, परवाना, आणि ‘मराठी रूपांतर, उदाहरणे बदलली आहेत’. नंतर लिहू म्हटलं की राहिलंच.

५.००
सरांना फाइल दिली. जाताना त्यांनी स्वतःच्या जुन्या नोट्सची वही दाखवली: सुरेख मराठी, सोडवलेली गणितं, आणि परवाना कसलाच नाही. कायद्यानं अशा लेखनाचे हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं राखीव राहतात. म्हणजे दुसऱ्या कॉलेजातल्या शिक्षकाला ती वही छापून वाटायची सोय नाही. प्राध्यापक मंडळींना विनंती आहे: नोट्स मुक्त करायच्या असतील तर हक्क तुमचे की संस्थेचे एवढं विचारून घ्या आणि शेवटच्या पानावर परवाना लिहून टाका.