प्रेस नाही, मशीन नाही, फक्त एक चमचा: घरच्या घरी लिनोकट कसा छापतात?

काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, हातात काठी, अंगावर पंचा आणि पुढे पडलेलं पाऊल. दांडीयात्रेतल्या गांधीजींचं हे चित्र तुम्ही कधी ना कधी पाहिलंच असेल. नंदलाल बोस यांनी ते १९३० मध्ये केलं. बघताना वाटतं ब्रशने काढलंय, पण हे चित्र आधी लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलं गेलं, मग त्यावर शाई फिरवून कागदावर उमटवलं गेलं.

यालाच म्हणतात लिनोकट.

एकदा ब्लॉक कोरला की त्याच चित्राच्या अनेक प्रती निघतात. त्यामुळे लोकांपर्यंत चित्र पोहोचवायचं असलेल्या कलाकारांना हे माध्यम जवळचं वाटलं. मुंबईत, अंधेरीला राहणाऱ्या चित्तप्रसाद यांनी १९५० च्या दशकात राबणाऱ्या लहान मुलांवर लिनोकट केले, तेही याच पद्धतीने.

आता हेच काम रील्सवर दिसतं. कागद अलगद उचलला जातो आणि खाली स्वच्छ प्रिंट. ते बघून अनेक जण किट मागवतात, दोन दिवस खपून ब्लॉक कोरतात आणि पहिली प्रिंट निघते ती डागाळलेली, अर्धवट. मग निष्कर्ष काढला जातो की "प्रेस पाहिजे बाबा", आणि किट माळ्यावर जातं.

खरं तर प्रेस नसणं हे कारण क्वचितच असतं. गडबड होते ती शाई, कागद आणि दाब या तिघांत.

त्याआधी थोडं या लिनोबद्दल. जवसाचं तेल, कॉर्कचा भुगा आणि राळ एकत्र करून ते तागाच्या कापडावर थापलं की लिनोलियम तयार होतं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने १८६० च्या दशकात ते शोधलं, तेही जमिनीवर अंथरायला. नावही तिथूनच आलं. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. लाकडासारखे याला रेषे नसतात, त्यामुळे कटर कुठल्याही दिशेला सारखाच चालतो. नवशिक्यांसाठी हीच मोठी सोय. लिनो कडक वाटला तर दहा मिनिटं उन्हात ठेवायचा, तो मऊ पडतो.

तत्त्व शाळेतल्या भेंडीच्या ठशाचंच. उंच राहिलेला भाग शाई घेतो, खोदलेला भाग पांढरा राहतो. एक ते दीड मिलिमीटर खोदलं तरी पुरतं, खालच्या तागापर्यंत जायची गरज नाही.

ठसा उलटा उमटतो, हे माहीत असूनही लोक "शुभ दीपावली" सुलटं कोरून बसतात. उपाय सोपा आहे. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने चित्र नेहमीसारखं काढा, कागद पालथा घालून लिनोवर घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापल्यावर सुलटं येतं.

कोरताना ब्लॉक धरणारा हात कायम कटरच्या मागे हवा. या कामातल्या बहुतेक जखमा दुसरा हात पात्याच्या वाटेत आल्यामुळे होतात. बोथट कटर जास्त घातक, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि तो सटकतो. प्लायवूडच्या तुकड्याला खालून एक पट्टी आणि विरुद्ध टोकाला वरून एक पट्टी ठोकली, की खालची टेबलाच्या कडेला अडकते आणि वरची ब्लॉक अडवते. हा जुगाड किटसोबत मिळत नाही, पण करून घ्यावाच.

आता शाई. पोस्टर कलर पातळ असतो, अॅक्रेलिक भराभर सुकतं. ब्लॉक प्रिंटिंगची घट्ट शाईच घ्या. ती काचेवर रबरी रोलरने पसरवा. रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू आली आणि शाईवर मखमलीसारखा पोत दिसला की समजायचं, प्रमाण बरोबर आहे. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली, ती बारीक रेषा बुजवणार. वरून एकच जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर द्या. शाई पाण्याची असेल तर पंखा बंद, नाहीतर उन्हाळ्यात ती ब्लॉकवरच सुकते.

कागदाबाबत बहुतेकांचा अंदाज चुकतो. महागडा जाड ड्रॉइंग पेपर हाताने छापायला सगळ्यात अवघड. पातळ नेपाळी कागद किंवा राइस पेपर उत्तम, सरावाला साधा झेरॉक्सचा कागदही चालतो.

राहिला दाब. १० बाय १५ सेंटिमीटरचा ब्लॉक म्हणजे १५० चौरस सेंटिमीटर. त्यावर वही ठेवून दहा किलोचा जोर दिला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६७ ग्रॅम मिळतात. तोच जोर चमच्याच्या पाठीने एका चौरस सेंटिमीटरवर दिला तर पूर्ण दहा किलो. म्हणजे दीडशे पट! म्हणून जड पुस्तकांची चळत ठेवून प्रिंट फिकी येते आणि स्वयंपाकघरातला लाकडी चमचा काम करून जातो.

कागदावर बटर पेपर ठेवा, म्हणजे तो फाटत नाही. मग मधून कडेकडे, छोट्या गोलाकार हालचालींनी चमचा घासा. एक बाजू दाबून धरून दुसरा कोपरा हळूच उचला. फिकं दिसलं तर कागद तसाच परत टेकवून पुन्हा घासता येतं. प्रेसवर ही सोय नाही.

पहिल्या दोन-तीन प्रिंट फिक्याच येतात, ब्लॉकला शाई धरायला तेवढा वेळ लागतो. त्या रद्दीवर काढा. चांगल्या प्रिंट दोरीवर चिमट्यांनी वाळत घाला. पाण्याची शाई काही तासांत सुकते, तेलाची काही दिवस घेते. सुकल्यावर खाली पेन्सिलने ३/१० असा क्रमांक टाकतात, म्हणजे दहापैकी तिसरी प्रत.

तेलाची शाई आधी खाद्यतेलाने, मग साबणाने निघते. पण पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि घट्ट बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.