गांजावरचा कर आणि गावाचे आरोग्य

“डॉक्टर, अमेरिकेत गांजा उघड दुकानात मिळतो, सरकारला त्यावर करही मिळतो. मग आपल्याकडेच बंदी का?” जामखेडमधील तरुण मुले अलीकडे मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याविषयी.

परवाना आणि कर हा प्रयोग आपल्याला नवा नाही. इंग्रजी अमदानीत आपल्या नगर जिल्ह्यात गांजाचे पीक घेतले जाई आणि विक्री परवान्याच्या दुकानांतून होई. १८९३ साली सरकारने चौकशी आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षीदार तपासून त्याने १८९४ मध्ये निष्कर्ष काढला की, माफक सेवनाने सहसा फारसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक. सरसकट बंदीने लोक याहून वाईट नशेकडे वळतील, अशी भीतीही त्याने व्यक्त केली. त्याऐवजी लागवड परवान्यानेच व्हावी, दुकाने मोजकी असावीत, जवळ बाळगण्यास मर्यादा असावी आणि पुरेसा कर लावावा, असे त्याने सुचवले.

आज १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बाळगणे व विकणे गुन्हा आहे. नुसत्या पानांची भांग त्या कायद्यातील गांजात मोडत नाही. पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे तीही परवान्याशिवाय विकता येत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजाची खुली विक्री सुरू झाली. गावात दुकान हवे की नको, हे तेथे त्या त्या शहराने ठरवायचे. एकवीस वर्षांखालील गिऱ्हाइकाला माल देता येत नाही. खाद्यपदार्थाच्या एका मात्रेत दहा मिलिग्रॅमहून जास्त अंमली द्रव्य चालत नाही. करातील काही रक्कम शाळांच्या इमारतींना जाते. तरीही घरातील गांजाची मिठाई लहान मुलांनी चुकून खाल्ल्याचे प्रकार वाढलेच.

माझे मत स्पष्ट आहे. कर हे औषध नव्हे. उत्पन्नाची चटक लागली की दुकान बंद करणे जड जाते. दारूचे उदाहरण समोर आहे. महसूल सरकारला आणि ‘आडवी बाटली’साठी मतदान करण्याची धडपड गावातल्या बायकांना. उद्या कायदा बदललाच, तर दुकानांची संख्या, गिऱ्हाइकाचे वय आणि मालाची तीव्रता आधी ठरावी. करातील पैसा प्रथम तालुक्यातील व्यसनमुक्ती उपचारांना मिळावा.

तोवर पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांत स्मरणशक्ती मंदावणे, अभ्यासात मागे पडणे आणि वेडाचा झटका येणे यांचा धोका जास्त असतो. मुलगा विनाकारण संशय घेऊ लागला, कानात आवाज येतात म्हणू लागला, तर मारझोड किंवा अंगारे-धुपारे न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो.