कुत्र्याचा कणा, भाग ४ : चकतीत शिरलेला जंतू

मागच्या आठवड्यात डॅशहंडबद्दल लिहिलं होतं. त्याच्या मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक होतात आणि एखाद्या उडीसरशी सरकून मज्जारज्जूवर दाब आणतात. आजचा आजारही चकतीचाच, पण इथे चकती सरकत नाही. तिच्यात आणि तिला लागून असलेल्या मणक्यांच्या हाडात जंतू घर करतात. डिस्कोस्पॉन्डिलायटिस हे त्याचं नाव.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे सहा वर्षांचा एक ग्रेट डेन आला. ‘डॉक्टर, खातोय-पितोय, पण गाडीत उडी मारत नाही. पुढचे पाय सीटवर टेकवतो आणि आमच्याकडे बघत उभा राहतो,’ घरचे म्हणाले. ताप नव्हता. या आजारात बऱ्याच कुत्र्यांना तो नसतोच, त्यामुळे थर्मामीटरच्या भरवशावर राहून चालत नाही. मानेपासून एकेक मणका अंगठ्यानं दाबत गेलो. पाठ संपली, कंबर आली, तो शांत उभा होता. कमरेच्या शेवटच्या मणक्यामागे अंगठा टेकला मात्र, आणि त्याचं पोट लाकडासारखं ताठ झालं. ओरडला नाही. फक्त ओठ चाटले आणि मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं.

कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली चकती ही या जंतूंची आवडती जागा. ते तिथवर पोचतात रक्तातून. सुरुवात कुठेही असू शकते: मूत्राशय, कातडीवरची जखम, किडलेला दात, हृदयाची झडप. मणक्याच्या टोकाशी, चकतीला लागून, केशवाहिन्यांचे बारीक फास असतात. तिथे रक्त संथ होतं आणि जंतूला थांबायला सवड मिळते. चकतीला मात्र स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, म्हणून शरीराची फौज आणि आपलं औषध, दोन्ही तिथे उशिरा आणि अपुरं पोचतं.

हा आजार मुख्यतः थोराड कुत्र्यांचा. अमेरिकेत १९८० ते २००१ या काळातल्या ५१३ रुग्ण कुत्र्यांचा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात ग्रेट डेनला धोका ठळकपणे जास्त दिसला. माद्यांपेक्षा नर जास्त, तरुणांपेक्षा वयस्क जास्त. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, बॉक्सर, डॉबरमन, बुलडॉग ही नावंही पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक वेळा दोषी असतो तो स्टॅफिलोकॉकस, म्हणजे कुत्र्याच्या कातडीवर एरवी गुण्यागोविंदानं राहणारा जिवाणू.

जर्मन शेफर्डची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. या जातीत, विशेषतः तरुण आणि मध्यमवयीन माद्यांमध्ये, चकतीत कधीकधी जिवाणूऐवजी ॲस्परजिलस ही बुरशी सापडते. ती एका चकतीवर थांबत नाही. मूत्रपिंड, डोळे, इतर हाडं, सगळीकडे पसरते. प्रतिजैविकांचा तिथे काही उपयोग नाही. बुरशीनाशकं महिनोन्‌महिने देऊनही अशी कुत्री क्वचितच पूर्ण बरी होतात. एखादी जर्मन शेफर्ड मादी पाठदुखीबरोबर लंगडत असेल, तिचा डोळा लाल असेल, तर मला पहिली भीती याची वाटते.

आणखी एक वाट गवतातून येते. कुसळ आपल्याला पायजम्याला चिकटल्यावर कळतं. त्याचे काटे एकाच दिशेला वळलेले असतात, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. गवतातून धावणाऱ्या शिकारी कुत्र्याच्या श्वासाबरोबर ते फुफ्फुसात जातं, तिथून श्वासपटलाच्या स्नायूंच्या कडेकडेनं कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या मणक्यांपर्यंत पोचतं, आणि बरोबर जंतूही घेऊन जातं.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. पाठ दुखते म्हणून सरसकट स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ नका, मागू नका. दोन दिवस कुत्रं टुणटुणीत दिसतं आणि आतला संसर्ग मोकळा सुटतो. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ यावरही विसंबू नका. मणक्यांची कुरतडलेली टोकं एक्स-रेत दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. एमआरआयमध्ये ती आधी कळतात. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त आणि लघवी कल्चरला पाठवावी. बरोबर ब्रुसेला कॅनिसची तपासणीही करावी, प्रजननासाठी ठेवलेल्या नर-मादीची तर नक्कीच. १९६६ साली लेलँड कारमायकल यांनी बीगल कुत्र्यांमध्ये ओळखलेला हा जिवाणू गर्भपात घडवतो, चकतीत शिरतो, औषधांनी सहसा पूर्ण जात नाही आणि माणसालाही होऊ शकतो.

ग्रेट डेनच्या लघवीत स्टॅफिलोकॉकस निघाला, ब्रुसेला नव्हता. पाचव्या दिवशी फोन आला, ‘डॉक्टर, उडी मारून गाडीत बसला! गोळ्या थांबवू का?’ मी जवळजवळ ओरडलोच. दुखणं आठवड्यात ओसरतं, पण औषध किमान दोन महिने, बहुधा त्याहून जास्त चालतं; मध्येच सोडलं तर आजार उलटतो. त्या घरातल्या मुलीनं कालनिर्णयवर रोज दोन खुणा करायला सुरुवात केली, सकाळच्या गोळीची एक, रात्रीची एक. परवा एक्स-रेसाठी आली तेव्हा तिनं फोनमध्ये फोटो दाखवला: तिसरं पान भरत आलं होतं.