चाके, दिवे आणि न ऐकलेले इशारे : विमानातल्या चुका कशा घडतात?

22 जुलै 2017 रोजी कोलकात्याहून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे एक विमान वाट बदलून आपल्या नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरवावे लागले. विमानात 99 प्रवासी होते. विमान नेहमीसारखे वर चढत नव्हते, वेग घेत नव्हते आणि इंधन मात्र भराभर संपत होते. मुंबईपर्यंत ते पुरणार नाही असे दिसल्यावर नागपूर गाठले गेले. उतरण्यासाठी चाके खाली घ्यायची वेळ आली, तेव्हा कळले की चाके आधीपासूनच खाली आहेत. उड्डाणानंतर ती आत घ्यायची राहूनच गेली होती. सुमारे दीड तास विमान तसेच उडत होते.

चाके बाहेर असली की हवेचा विरोध बराच वाढतो. म्हणूनच ते विमान साधारण 24,000 फूट उंचीवर आणि सुमारे 230 नॉट वेगाने रखडत चालले होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दोन्ही वैमानिकांना कामावरून बाजूला करण्यात आले आणि चौकशी सुरू झाली.

आपल्यापैकी अनेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘एवढी मोठी गोष्ट दिसली कशी नाही?’ पण थोडे वैमानिकाच्या जागेवर बसून पाहू. चाके खाली असून पक्की बसली असतील, तर समोर तीन हिरवे दिवे लागतात. उतरताना हेच दिवे पाहून वैमानिक निश्चिंत होतो. हिरवा दिवा म्हणजे सगळे ठीक, ही सवय वर्षानुवर्षे मुरलेली असते. त्यामुळे चुकीच्या वेळी लागलेला हिरवा दिवा डोळ्यांना खटकत नाही.

याच्या उलटी चूक फार भयंकर असते. 22 मे 2020 रोजी लाहोरहून कराचीला आलेले पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे विमान चाके वर असतानाच धावपट्टीवर टेकले. विमान प्रमाणापेक्षा फार उंचावरून आणि वेगात खाली येत होते. नियंत्रकाने सावध केले होते. चाके एकदा खाली घेतली गेली, पण धावपट्टी सुमारे पाच सागरी मैलांवर असताना ती पुन्हा वर गेली. वेग जास्त असल्याचे आणि जमीन जवळ आल्याचे इशारे कॉकपिटमध्ये वाजत राहिले. दोन्ही इंजिने धावपट्टीवर घासली. वैमानिकांनी विमान पुन्हा हवेत नेले, पण घासलेली इंजिने थोड्याच वेळात बंद पडली आणि विमान दाट वस्तीवर कोसळले. विमानातल्या 99 जणांपैकी फक्त दोघे वाचले.

प्राथमिक चौकशीत असे समोर आले की, इंजिने घासताना नियंत्रण कक्षाला दिसले होते, पण ही माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचलीच नाही. म्हणजे चूक फक्त कॉकपिटमध्ये नव्हती.

इशारा वाजत असूनही ऐकू न येणे हे बेफिकिरीचेच लक्षण असते का? नेहमी नाही. मन एखाद्या अवघड कामात पूर्ण गुंतले की मेंदू कानावर पडणारा आवाज बाजूला टाकतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी वैमानिकांना कृत्रिम कॉकपिटमध्ये बसवून वादळी वाऱ्यात विमान उतरवायला लावले आणि त्याच वेळी चाकांच्या बिघाडाचा भोंगा वाजवला. एक तृतीयांशाहून अधिक वैमानिकांना तो जाणवलाच नाही. कान शाबूत होते, लक्ष दुसरीकडे होते.

‘माणूस हलगर्जी आहे’ एवढेच म्हणून थांबलो तर उपाय सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी बॉम्बर विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत होती. वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायला जात आणि चुकून चाके मिटवत. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने 1943 मध्ये पाहिले की, दोन्ही कळा दिसायला सारख्या आणि शेजारीशेजारी आहेत. त्याने चाकांच्या कळीला छोटे चाक बसवले आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीचा आकार दिला. हाताला फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. आजही विमानातल्या त्या दांड्याला चाकाच्याच आकाराची मूठ असते. वैमानिक तेच राहिले, कळ बदलली.

यंत्र बदलता येते. पदांची उतरंड बदलणे जास्त कठीण. 22 मे 2010 रोजी, कराचीच्या अपघाताच्या बरोबर दहा वर्षे आधी, दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले. 158 जणांचा जीव गेला, आठ वाचले. कॉकपिटमधल्या नोंदीनुसार मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपला होता. विमान फार उंच असल्याचे सहवैमानिकाला दिसत होते. ‘पुन्हा वर घ्या’ असे त्याने तीन वेळा सांगितले. यंत्रही इशारे देत होते. ज्येष्ठाने ऐकले नाही आणि कनिष्ठाने नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही.

अशा अपघातांतूनच ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण उभे राहिले. 1979 मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेनंतर ते जगभर पसरले. त्याचे सूत्र साधे आहे. कनिष्ठाने शंका मोठ्याने बोलून दाखवायची आणि ज्येष्ठाने तो अपमान मानायचा नाही. सोबत मोठ्याने वाचायची तपासणी यादी असते, कारण स्मरणशक्तीवर विसंबायचे नसते. आणि अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की, चौकशी दोषी ठरवण्यासाठी नसून पुढचा अपघात टाळण्यासाठी आहे. शिक्षेच्या भीतीने माणसे चुका लपवतात आणि लपवलेली चूक पुन्हा घडते.

नागपूरच्या घटनेत आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. दोन्ही वैमानिक महिला होत्या आणि बातम्यांनी ते आवर्जून सांगितले. मंगळूर आणि कराचीच्या कॉकपिटमध्ये पुरुष होते. तिथे ‘पुरुष वैमानिकांची चूक’ असा मथळा कोणी दिला नाही. ज्यांना एखाद्या खुर्चीपर्यंत पोहोचायला पिढ्या लागल्या, त्यांची चूक एका माणसाची राहत नाही, ती साऱ्या समूहाच्या नावावर टाकली जाते. आपल्या समाजातल्या पहिल्या पिढीच्या डॉक्टरला, अभियंत्याला, प्राध्यापकाला हा अनुभव नवा नाही. ‘ही माणसे अशीच’ असे म्हटले की खरे कारण शोधायची गरजच उरत नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हीच उतरंड जमिनीवर दिसते. गटारात विषारी वायू आहे हे सर्वांत आधी कळते ते सफाई कामगाराला. खांबावरची तार जिवंत आहे हे कळते ते ठेकेदाराच्या हाताखालच्या मुलाला. बाळंतिणीची तब्येत बिघडतेय हे आधी दिसते ते आशाताईला. धोका सर्वांत जवळून पाहणारा माणूस बहुतेक वेळा सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो आणि त्याच्या बोलण्याला सर्वांत कमी किंमत असते. हाही न ऐकलेला इशाराच आहे.

विमान क्षेत्राने शेकडो जीव गमावून एक गोष्ट शिकून घेतली. इशारा कोणाच्या तोंडून आला हे न पाहता आधी तो तपासायचा. आपल्या दवाखान्यात, कारखान्यात, संस्थेत आणि घरातही ही सवय लावता येईल. त्यासाठी पैसा लागत नाही. खालच्या माणसाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार द्यावा लागतो आणि तो वापरल्याबद्दल त्याचे काम जाणार नाही, याची हमी द्यावी लागते.