‘शॅल’चे बंधन

इंग्रजीतील ‘शॅल’ हे साहाय्यक क्रियापद भविष्यकाळाचे चिन्ह म्हणून शिकविले जाते. परंतु मुळात त्याचा काळाशी संबंध नव्हता. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. ऋण आणि अपराध या दोहोंचा वाचक असलेला जर्मन भाषेतील ‘शुल्ड’ हा शब्द याच कुळातला. ‘विल’चे मूळ मात्र इच्छेत आहे.

जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असा नियम सांगितला, की प्रथमपुरुषी ‘शॅल’ने केवळ भविष्य सूचित होते व ‘विल’ने निश्चय, इतर पुरुषी याच्या उलट. या नियमावर एक जुना विनोद आहे. बुडणारा परप्रांतीय ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे ओरडला. काठावरच्या व्याकरणनिष्ठांनी त्याचा अर्थ ‘मी बुडणारच, मला कोणी वाचवू नये’ असा घेतला आणि त्याच्या इच्छेचा मान राखला! स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिका येथील सामान्य माणसांनी हा नियम फारसा मानलाच नाही.

कायद्यात मात्र या शब्दावर माणसाची नोकरी अवलंबून असू शकते. शासकीय सेवकाविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणी लोकसेवा आयोगाचा विचार घेतला जाईल, असे संविधानाचा अनुच्छेद ३२० सांगतो. तेथे ‘शॅल’च आहे. उत्तर प्रदेशातील मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात या तरतुदीचे पालन नीट झाले नव्हते. तरीही १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद निदेशात्मक ठरविली. आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही, काही बाबी नियमांद्वारे वगळण्याची मुभा आहे आणि तरतूद न पाळल्यास काय व्हावे हेही सांगितलेले नाही, ही त्यामागील कारणे होत. म्हणजे ‘शॅल’ असूनही त्या सेवकाला कोणताही हक्क मिळाला नाही. शब्दापेक्षा विधिमंडळाचा हेतू पाहावा हे तत्त्व योग्यच. पण शिक्षा भोगणाऱ्याला ते निर्णयानंतरच कळते, ही त्यातली अडचण.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने म्हणूनच ‘मस्ट’ पसंत केले. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतूनही २००७ मध्ये ‘शॅल’ वगळले गेले. भारतीय अधिनियमांत ते टिकून आहे. त्यांच्या मराठी पाठांत ‘शॅल’साठी बहुधा ‘असेल’, ‘करील’ अशी रूपे येतात, आणि ‘करील’ ही आज्ञा की भाकीत, हे मराठी वाचकालाही संदर्भावरूनच ओळखावे लागते.