शेवटच्या कडव्यातलं नाव

१४ एप्रिलला आपल्या जिल्ह्यात दारव्ह्याला जा की उमरखेडला, वामनदादा कर्डकांचं गाणं कानावर पडल्याशिवाय दिवस मावळत नाही. आता प्रश्न असा, की ज्याच्यामागे ना कंपनी, ना घराणं, त्याचं गाणं त्याचंच आहे हे ठरवायचं कशावरून?

वामनदादा इकडचे नव्हेत. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नाहीच. मुंबईत मजुरी करताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं, वाचता येईना, ते मनाला लागलं. मग मोठ्या वयात त्यांनी अक्षरं गिरवली. पहिलं गाणं रचलं १९४३ मध्ये. पहिला संग्रह ‘वाटचाल’ आला १९७३ ला. म्हणजे तीस वर्षं हे गाणं लोकांच्या तोंडीच जगलं. गाण्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगतात. छापली गेली त्यातली थोडी. गावोगाव गायचं, मिळेल त्या बिदागीवर पुढचं गाव गाठायचं.

मग मालकीचा कागद कुठला? शेवटचं कडवं. तिथं ‘वामन’ यायचा. ही रीत जुनी, संतांची. शेजारच्या मोझरीला तुकडोजी महाराजही खंजिरीवर गाताना हेच करत. पण बघा, नाममुद्रा चोरी अडवतेच असं नाही. तुकोबांच्या नावावर इतरांचे अभंग चढलेच की! मुद्रा फक्त एवढंच म्हणते, की या शब्दांमागे एक माणूस उभा आहे. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या अक्षरच नाकारलं, त्यातल्या माणसानं हे म्हणणं आम्हाला फार मोठं वाटतं.

आज मोबाइलवरच्या तुकड्यात ध्रुपद आणि एखाद-दुसरं कडवं येतं. शेवटचं गळतं. खाली लिहिलेलं असतं, ‘पारंपरिक’. २००४ मध्ये वारलेला, १९९३ ला आपल्या शेजारी वर्ध्यात आंबेडकरी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला माणूस पारंपरिक कसा हो? कौतुकाच्या शब्दानं माणूस पुसता येतो, तो असा.

वेळ कमी असेल तर मधलं कडवं गाळा, असं आम्ही इथल्या गायन पार्ट्यांना सांगत असतो. काही ऐकतात. बाकीचे म्हणतात, ‘सर, शेवटापर्यंत लोक बसतात कुठं?’