निबंधावरचा शेरा विद्यार्थ्याला काय सांगतो?

निबंधाची वही तपासून परत मिळाली, की विद्यार्थी प्रथम गुण पाहतो, नंतर शेजाऱ्याचे गुण पाहतो आणि वही मिटतो. 'छान', 'ठीक', 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' हे शेरे वाचले जात असले, तरी पुढच्या निबंधात नेमके काय बदलायचे, हे त्यांतून कळत नाही.

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे कोयना प्रकल्पामुळे परिचित झालेले गाव. समजा, येथील सातवीच्या वर्गाला 'आमच्या गावची वीज' हा विषय दिला. एखादा विद्यार्थी 'अलोरे हे गाव मला खूप आवडते' अशी सुरुवात करतो, लगेच यंत्रांची माहिती देतो, मध्येच कोळकेवाडीच्या धरणावर येतो आणि पोफळीचा उल्लेख अखेरीस उरकतो. 'पाणि' आणि 'विज' हे शब्द तो सर्वत्र ऱ्हस्व लिहितो. रूढ पद्धतीत या निबंधाला दहापैकी सहा गुण आणि चार-पाच लाल वर्तुळे मिळतील.

लिहिण्यापूर्वीच शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून एक उद्दिष्ट ठरवले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. उदाहरणार्थ, 'ज्याने हा परिसर पाहिलेला नाही, त्याला पाण्याचा प्रवास क्रमाने समजला पाहिजे.' शिवाजीसागराचे पाणी प्रथम पोफळीच्या वीजगृहात येते, तेथून कोळकेवाडीच्या जलाशयात, मग ३२० मेगावॉट क्षमतेच्या तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात आणि शेवटी वाशिष्ठीत जाते. हा क्रम मुलाला ठाऊक असतो. कागदावर तो मांडायला शिकवावा लागतो. अशा वेळी शिक्षकांचा अभिप्राय असा असू शकेल : 'यंत्रांचे वर्णन नीट उतरले आहे. पण कोळकेवाडीला पाणी कोठून आले, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. पोफळीचा परिच्छेद कोठे हलवशील?' येथे उत्तर मुलानेच शोधायचे आहे.

शुद्धलेखनाचेही तसेच. वर्तुळे दोन्ही शब्दांना सारखीच पडली, तरी चुका एका जातीच्या नाहीत. 'पाणी'मध्ये शब्दाच्या शेवटचा इकार सामान्यतः दीर्घ, हा नियम आहे. 'वीज'मध्ये अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ, हा. एका निबंधात एकच नियम हाती घेतला, तर तो लक्षात राहण्याची शक्यता अधिक.

हा विचार शासनाला अपरिचित नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाल्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. सातवी-आठवीच्या भाषा विषयात आकारिक मूल्यमापनाला ४० आणि संकलित मूल्यमापनाला ६० टक्के भार देण्यात आला. शिक्षकांनी वर्णनात्मक नोंदी ठेवाव्यात, असेही ठरले. हेतू चांगला होता. मात्र तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि अनेक ठिकाणी तीच वाक्ये नोंदवहीत उतरू लागली. नोंद तपासणीसाठी ठेवली गेली. ज्याच्याविषयी ती होती, त्याच्यापर्यंत ती पोहोचलीच असे नाही.

गुण आणि अभिप्राय एकत्र दिल्यास काय होते, याचा अभ्यास रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केला. तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि रुची वाढली. गुणांसह अभिप्राय मिळालेल्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. त्या प्रयोगातील कामे निबंधाची नव्हती, हे खरे. तरीही आपल्याकडील वही मिटणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण व्हावी, असाच हा निष्कर्ष आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानेही गुणांच्या स्पर्धेपासून दूर राहणारे शिक्षण मराठी माध्यमातच उभे केले.

शिक्षकांची अडचण खरी आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक वहीला पाच मिनिटे दिली, तरी दोनशे मिनिटे लागतात. त्यामुळे प्रत्येक निबंधावर सविस्तर लिहिण्याची अपेक्षा अवाजवी ठरेल. दर वेळी एकच परिच्छेद बारकाईने पाहणे, ठरलेल्या उद्दिष्टापुरताच अभिप्राय देणे आणि मुलांना एकमेकांचे लेखन वाचायला लावणे, एवढे मात्र शक्य आहे. ज्या मुलाने अलोरे पाहिलेले नाही, अशा वाचकाच्या भूमिकेतून शेजारचा विद्यार्थी प्रश्न विचारू शकतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पुनर्लेखनाकडे. अभिप्राय मिळाल्यावर तोच निबंध पुन्हा लिहिण्यासाठी तासिका क्वचितच राखून ठेवली जाते. पुढचा विषय फळ्यावर आलेला असतो. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत, आणि तेथे कच्चा खर्डा लिहून पाहण्याइतका अवधी कोणालाच मिळत नाही. तो सराव व्हायचा असेल, तर सातवीच्या वर्गातच एक निबंध कमी घेऊन उरलेल्या तासिकेत आधीचा निबंध दुसऱ्यांदा लिहून घेता येईल. गुण द्यायचेच असतील, तर ते त्या दुसऱ्या खर्ड्याला द्यावेत.